सतराची जोडी

चंद्रकुमार उईके यांच्या झेरॉक्सच्या दुकानात सडक अर्जुनी तालुक्यातला बहुतेक प्रत्येक माणूस कधी ना कधी स्वतःच्या तीन प्रती काढून गेला होता. आधार कार्ड, सातबारा, जातीचा दाखला, मृत्यूचा दाखला. माणूस असो की नसो, प्रती तीन लागतातच, एवढं तत्त्वज्ञान बावीस वर्षांच्या धंद्याने त्यांना दिलं होतं. दुकान हायवेला लागून. रायपूरकडे जाणारा ट्रक गेला की दर्शनी काच थरथरायची आणि काचेला चिकटवलेली यादीही.

ती यादी शब्दकोडं बरोबर सोडवणाऱ्यांची होती. दर बाजाराच्या दिवशी चंद्रकुमार स्वतः रचलेल्या कोड्याच्या चाळीस प्रती काउंटरवर ठेवत. फुकट. वाया गेलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर छापलेल्या, म्हणजे कोडं सुटलं नाही तर पाठीमागे कोणाचा तरी अर्धा रहिवासी दाखला वाचायला मिळे. पुढच्या बाजारी लोक सोडवलेले कागद आणून देत. ज्याचं बरोबर, त्याचं नाव काचेवर आणि वर एक बॉलपेन. चार वर्षांत हा उद्योग इतका वाढला होता की प्रेमिला, त्यांची बायको, म्हणायची, "सवत आनली असती तं निदान भांडता आलं असतं. या चौकोनायसंग का भांडू?"

वर्तमानपत्रातली कोडी चंद्रकुमारांना पसंत नव्हती. तिथे काळे चौकोन शाई सांडल्यासारखे कुठेही. त्यांचा नियम पक्का होता: कागद उलटा धरला तरी काळे चौकोन जागच्या जागी दिसले पाहिजेत. वर उजवीकडे एक, तर खाली डावीकडे त्याची जोडी. याचं महत्त्व त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं होतं. चार वर्षांत एकाच माणसाने त्यावर प्रश्न विचारला होता. तो, लाइट कधी येईल, हा होता.

शब्द जुळवताना त्यांना आधार होता तो मोठ्या मायचा. मोठी माय म्हणजे फुलवंता, त्यांची चुलती. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. दर बाजाराला ती तरोट्याची भाजी नाहीतर सात्या, म्हणजे रानातली आळंबी, घेऊन यायची, टोपली विकली की दुकानाच्या पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायची आणि जाताना एक शब्द द्यायची. मासोळीचं नाव, आळंबीचं नाव, नांगराच्या एखाद्या खिळीचं नाव. तिला वाचता येत नव्हतं, पण शब्दात किती अक्षरं आहेत हे बोटांवर बरोबर सांगायची. वहीत तिच्या प्रत्येक शब्दापुढे चंद्रकुमार एक लाल टिंब द्यायचे. वहीत टिंबं पुष्कळ होती.

दोनशेवं कोडं आलं तेव्हा त्यांच्या डोक्यात कल्पना आली: आपल्या गावाचंच कोडं करायचं.

कल्पना सोपी होती, कारण गाव आधीच कोड्यासारखं होतं. जुना कोसमटोला जंगलात होता. वाघांना जागा हवी होती आणि वाघांचं म्हणणं वरपर्यंत लवकर पोचतं, म्हणून अकरा वर्षांपूर्वी अख्खं गाव एका दिवसात, ट्रकांमधून, हायवेपासून सहा किलोमीटरवर आलं. नवा कोसमटोला फूटपट्टीने आखलेला. नऊ ओळी, ओळीत नऊ प्लॉट, एकूण एक्क्याऐंशी. वाकड्या पायवाटांवर जन्म काढलेली माणसं पहिले सहा महिने स्वतःचंच घर शोधत फिरली. मग नंबर पाठ झाले आणि आडनावं मागे पडली. 'पासष्टवाली' म्हणजे फुलवंता. 'एक्केचाळीसवाले' म्हणजे चंद्रकुमार. बरोबर मधलं घर.

एक्क्याऐंशीपैकी साठ घरं, वीस जागा शाळा-टाकी-अंगणवाडी असल्या. आणि सतरा नंबर रिकामा. तो बकाराम भुमक्याने, म्हणजे गावच्या पुजाऱ्याने, हट्टाने रिकामा ठेवायला लावला होता. वाटप करणाऱ्या साहेबांनी कारण विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "गाव उठते तवा एक जागा सोडा लागते. मांगं राहिलेल्यासाठी." साहेबांनी रजिस्टरमध्ये 'राखीव' असं लिहिलं आणि जेवायला गेले.

तर चंद्रकुमारांनी आलेखाच्या कागदावर नऊ बाय नऊचा ठोकळा आखला. प्रत्येक घर एक पांढरा चौकोन, जिथे घर नाही तिथे काळा. समोरासमोरच्या जोडीच्या नंबरांची बेरीज ब्याऐंशी यायला हवी. सरकारी आखणी असल्यामुळे शाळेची जोडी समाजमंदिराशी लागली, टाकीची अंगणवाडीशी. विसाच्या वीस जागांच्या दहा जोड्या. मधल्या एक्केचाळीसला जोडीदार लागतच नाही, तो आपला आपणच. उरला फक्त सतरा. सतराची जोडी पासष्ट, आणि तिथे मोठी माय राहत होती.

ती पायरीवरच बसली होती.

"काऊन गा, तोंड वाकडं करून बसला?"

"सतराची जोडी लागत नाही, मोठी माय. समोर तुझं घर येते."

"मंग करून टाक ना कारं."

"बरं नाही दिसत ते. राहत्या घराला."

"मले का वाचता येते? कागदावरच्यानं का घर पडते माहं?" ती हसली. तिच्या हसण्यात दातांपेक्षा हिरड्या जास्त होत्या. "कागद उलटा करून पायनारा तूच एकटा. तुले बरं दिसलं तं झालं."

चंद्रकुमारांनी स्केचपेन उघडला आणि पासष्टचा चौकोन भरला. कोपरे राहू नयेत म्हणून दुसरा हात दिला. कागद उलटा करून पाहिला. कुठे म्हणून खोट नव्हती. पोटात थंड वाटावं तसं समाधान त्यांना वाटलं.

चाळीस प्रती काढल्या. प्रत्येक प्रतीत तो एक चौकोन बाकीच्यांपेक्षा जास्त काळा येत होता. टोनरचा दोष म्हणून त्यांनी मशीन पुसलं. बोटाला लागलेलं काळं साबणाने गेलं, पण वास राहिला. विझलेल्या चुलीत पाणी ओतल्यावर येतो तसला.

पुढच्या बाजारी मोठी माय आली नाही.

ताप असेल. संध्याकाळी उजेड असतानाच चंद्रकुमारांनी मोटरसायकल सरळ पासष्टकडे घेतली. चौसष्टची शामकला अंगणात धान वाळवत होती. तिच्या कुंपणापलीकडे कंबरभर तरोटा माजला होता. घर नव्हतं. पडलेलं नव्हतं, जळलेलं नव्हतं. जोत्याचा एक दगडही नव्हता. फक्त तरोटा, सारख्या उंचीचा, जसा काही पेरलेला.

"शामकला, मोठी माय कुठं गेली? घर कुठं आहे तिचं?"

"कोनाचं घर जी?"

"फुलवंताचं. पासष्टवालीचं."

शामकलाने धानावरचा हात थांबवला नाही. "तो पलाट तं कोनालेच देल्ला नाही. सतरावानी. दोनी रिकामेच हायेत ना पयल्यापासून." मग जरा निरखून पाहत म्हणाली, "बरं नाही का तुमाले?"

घरी प्रेमिलाने पाण्याचा पेला दिला आणि शांतपणे ऐकून घेतलं. तिचं शांतपणे ऐकणं ही घाबरण्याची गोष्ट होती. तशी ती फक्त आजाऱ्याचं ऐकत असे.

"तुमाले तं आज्यानं वाढवलं," ती म्हणाली. "लग्नात तुमच्याकडून आज्याच बसला होता. फुलवंता कोन?"

चंद्रकुमारांनी वही काढली. लाल टिंबं होती. टिंबांच्या अलीकडे मात्र काही नव्हतं. खोडरबराने घासून घासून कागद पातळ झाला होता, उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसत होती. वहीच्या शिवणीत रबराचा भुगा साठला होता. त्यांनी त्या शब्दांतला एक तरी आठवून पाहिला. अक्षरं किती होती ते आठवलं, तीन. शब्द आठवला नाही.

चंद्रकुमार बी. ए. झालेले होते, तेही तर्कशास्त्र घेऊन. चौकोन भरल्याने माणूस गेलं असेल, तर चौकोन मोकळा केल्याने ते यायला हवं. वेडेपणाचंच गणित, पण गणित होतं. त्यांनी दोनशे एकावं कोडं तसंच रचलं. सतरा काळा ठेवला, पासष्ट पांढरा. जोडी मोडली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जोडी मोडलेलं कोडं वाटलं आणि ते वाटताना त्यांना उघड्या अंगाने बाजारात बसल्यासारखं वाटलं.

पुढच्या बाजारी अकरा कागद परत आले. अकराही कागदांवर पासष्टचा चौकोन भरलेला होता. कोणी निळ्या पेनाने, कोणी पेन्सिलीने, एका बाईने काजळाने.

अकरावा कागद देवेंद्रने आणला होता. त्याचं शेजारीच पंक्चरचं दुकान, आणि घर त्यांच्याच गावात, तेवीस नंबरला.

"देवेंद्र, हा चौकोन कशाला भरला?"

"सर, चुकलं होतं ना. सतराची जोडी नोहती लागत. म्या कागद उलटा करून पायला." तो कौतुकाची वाट पाहत उभा राहिला. "तुमीच तं शिकवलं."

चार वर्षं चंद्रकुमार ज्याची वाट पाहत होते ते अखेर झालं होतं. तालुक्याला नियम पटला होता.

ते बकाराम भुमक्याकडे गेले. म्हातारा खाटेवर उन्हात पाय सोडून बसला होता. नव्वदीच्या पुढचा, डोळ्यांत सायीसारखं पांढरं उतरलेलं. चंद्रकुमारांनी फुलवंताचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "बाबा, सतरा नंबर कोणासाठी ठेवला?"

"मांगं राहिलेल्यासाठी."

"मागं कोण राहिलं? साठ घरं तिथून निघाली, साठ इथं आली."

"साठ आली गा," म्हातारा म्हणाला. "मोजली कोनं?"

पलीकडे कोणीतरी कोंबड्यांना हाकारत होतं. बकारामने पाय खाटेवर ओढून घेतले.

"जागा ठेवली म्हनून तो दुरून पायते. न ठेवली तं कोनाच्याही घरात शिरते. पन त्याले तू ये म्हनू नोको. म्हटलं तं येते. आन हे गाव साठीचं हाये, चंद्रकुमार. साठीचंच राहते."

"आणि एखाद्याला परत आणायचं असेल तर?"

म्हाताऱ्याने सायीचे डोळे त्यांच्या दिशेने वळवले. "कोनाले?" त्याने विचारलं. विचारताना त्याचा उजवा हात सवयीने बाजूला चाचपला, जिथे भाजीची टोपली टेकवून कोणी बसत असावं, आणि रिकाम्या जागेवर थांबला. मग त्याने तो मांडीवर परत घेतला. "नाही आठवत," तो म्हणाला. "काईतरी होतं."

चंद्रकुमारांनी त्या हाताकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं.

दोनशे दोनावं कोडं. पासष्ट पांढरा आणि सतराही पांढरा. जोडी शाबूत. साठाची एकसष्ट घरं होत होती हे त्यांना दिसत होतं. म्हाताऱ्याचं बोलणंही ध्यानात होतं. पण साठातलं एक जायचंच असेल तर ते कोणतं, हे ते मोजायला बसले नाहीत. मोठी माय यायला हवी होती. पुढचं पुढे.

शब्द भरायला बसले आणि हात भराभर चालू लागला. एरवी नऊ बाय नऊला तीन दिवस लागत आणि अर्धं खोडरबर. यावेळी सतराच्या चौकोनापासून सुरुवात केली आणि आडवा शब्द बसला, त्यातून उभा निघाला, त्यातून पुढचा. दीड तासात ठोकळा भरला. एकही अक्षर खोडावं लागलं नाही. कोणीतरी पलीकडून सांगत असल्यासारखं. चार वर्षांत असं झालं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी चाळिसातल्या एकोणचाळीस प्रती गेल्या. दुपारी बाराला पायरीवर टोपली टेकल्याचा आवाज आला.

"पानी दे गा. घसा सुकला."

चंद्रकुमारांच्या हातून तांब्यातलं अर्धं पाणी सांडलं. ती पदर झटकत म्हणाली, "असा कायले पायतेस? भूत पायल्यावानी."

"कुठं होतीस तू, मोठी माय? तीन बाजार आली नाहीस."

"आली होती ना. इथंच बसली होती. हाका मारून मारून थकली." ती पाणी प्यायली. "तूच नोहता पायत."

तिने बोटांवर मोजून तीन अक्षरांचा एक शब्द दिला. चंद्रकुमारांनी तो वहीत लिहिला, पुढे लाल टिंब दिलं, आणि वही बंद करून तिच्यावर हात ठेवून बसले.

संध्याकाळी गावात शिरताना त्यांनी पासष्टवर धूर पाहिला. शामकला कुंपणावरून मोठ्या मायशी सात्यांच्या वाट्यावरून भांडत होती. इतकं गोड भांडण त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग त्यांनी दुसऱ्या ओळीकडे मोटरसायकल वळवली.

सतरावर घर होतं.

इतर घरांसारखंच, सरकारी मापाचं, फक्त त्याच्या कौलांवर शेवाळ होतं. बाकीच्या साठ घरांवर टिनं होती. भिंती धुराने काळ्या पडलेल्या. दोरीवर कपडे वाळत होते, आणि वारा असून हलत नव्हते.

प्रेमिला भाकरी थापत होती. शेजारी पळसाच्या पानात झाकलेलं काही होतं.

"हे काय?"

"मोहाच्या पुऱ्या. सतरावाल्यायनं पाठवल्या."

"कोण सतरावाले?"

"आता सतरावाले नाही आठवत का तुमाले?" ती हसली. "ते तं आपल्या आधीपासून हायेत इथं."

सगळं गाव एकाच दिवशी आलं होतं. आधी कोणीच नव्हतं. चंद्रकुमारांनी हे बोलून दाखवलं नाही. पुऱ्याही खाल्ल्या नाहीत. प्रेमिलाने खाल्ल्या.

आठवडाभर काहीच झालं नाही. सतरासमोरून जाताना लोक रामराम घालत आणि आतून कोणीतरी घेत असावं, कारण लोक समाधानाने पुढे जात. कोणी बाहेर आलेलं चंद्रकुमारांना दिसलं नाही.

बाजाराच्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं तेव्हा शटरखालून सरकवलेला एक कागद जमिनीवर होता. दोनशे दोनावं कोडं, सोडवलेलं. अक्षर बारीक, सरळ, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. नावाच्या जागी फक्त '१७'. चार वर्षांत इतकं स्वच्छ सोडवलेलं कोडं त्यांच्याकडे आलं नव्हतं.

एकच अक्षर कमी होतं. बरोबर मधलं. तिथे चौकोन भरलेला होता, फूटपट्टी लावून, कोपऱ्यांना दुसरा हात देऊन.

चंद्रकुमारांनी कागद उलटा केला.

काहीच बिघडलं नव्हतं. मधल्या चौकोनाला जोडीदार लागत नाही. पांढरे चौकोन मोजले. साठ.

दहा वाजता देवेंद्र आला, कागद काउंटरवर ठेवून गेला. मधला चौकोन निळ्या पेनाने भरलेला होता. देवेंद्रने बॉलपेनाबद्दल विचारलं नाही. काउंटरमागे कोणी नसावं तसा तो इकडेतिकडे पाहून गेला.

मग शामकलाचा कागद. मग आणखी सात.

शेवटचा काजळाने.

त्यांनी प्रेमिलाला फोन लावला. घंटा वाजली नाही. नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई हिंदीत आणि मग मराठीत सांगत राहिली.

मोटरसायकलची किल्ली नेहमीच्या खिळ्याला नव्हती. खिळाही नव्हता.

चाळिसातली उरलेली प्रत समोर धरली. तिच्यात मधला चौकोन अजून पांढरा होता. त्यांनी त्यात अक्षर लिहायचा प्रयत्न केला. पेन चालत होता, उमटत नव्हता.

बाहेरून ट्रक गेला. काच थरथरली नाही.

बारा वाजता पायरीवर टोपली टेकली. मोठी माय बसली, पदराने मान पुसली, दुकानात डोकावली. तिला ते दिसले. तेवढ्याने चंद्रकुमारांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तांब्या भरला, दोन्ही हातांनी पुढे केला. ती घटाघटा प्यायली, त्यांच्याकडे मायेने पाहिलं आणि तांब्या परत देत म्हणाली, "लय पुन्याचं काम केलं गा बापू. कोन्या गावचा म्हनाव तू?"